सीझनच्या आधी: सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काय मोजावे आणि कसे

डिसेंबरच्या गर्दीत कळंगुटच्या एखाद्या गेस्टहाउसमध्ये एकच खोली दोघांना विकली गेली, तर रिसेप्शनवर बॅगा घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्याला तुमच्या रिपोर्टमधल्या ‘९५ टक्के टेस्ट पास’शी काही देणेघेणे नसते. टेस्टिंगमध्ये आकड्यांची टंचाई कधीच नसते. बग नोंदवायचे जिरासारखे टूल उघडले की दहा आलेख समोर येतात. त्यातला कोणता आकडा बघून काय करायचे, हे मात्र कोणी ठरवलेले नसते.

पणजी, पर्वरी, वेर्णा भागातल्या कंपन्यांत नव्याने टेस्टिंगला लागलेल्यांसाठी ही माहिती आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ: गोव्यातल्या छोट्या हॉटेलांसाठी खोल्या बुक करण्याचे सॉफ्टवेअर. टीम सहा जणांची, त्यात दोन टेस्टर. रिलीज २० नोव्हेंबरच्या आत हवे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, मग नाताळ, मग नवे वर्ष. त्या धांदलीत कोणताही हॉटेलवाला नवे सॉफ्टवेअर शिकायला बसणार नाही. पुढच्या हिशेबातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

पहिली पायरी: आधी निर्णय, मग आकडा

कागदावर चार रकाने आखा: निर्णय, प्रश्न, आकडा, आणि तो आकडा बघून कोण काय करणार. उद्दिष्टापासून प्रश्नाकडे आणि प्रश्नापासून मापाकडे जायची ही रीत अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे व्हिक्टर बॅसिली यांनी नासाच्या गोडार्ड केंद्रासोबतच्या कामातून मांडली. तिच्यात महत्त्व क्रमाला आहे. नवीन माणूस हमखास उलटा चालतो. टूल जे देते ते आधी घेतो आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न हुडकतो.

आपल्या उदाहरणातली एक ओळ अशी होईल. निर्णय: २० तारखेला रिलीज करायचे का. प्रश्न: पैसे कापले जातात पण बुकिंग होत नाही, असा एखादा रस्ता उरला आहे का. आकडा: पेमेंटच्या ठरवलेल्या टेस्टपैकी शेवटच्या बिल्डवर (तपासायला मिळालेल्या तयार आवृत्तीवर) किती चालवल्या आणि किती पास झाल्या. कोण काय करणार: एकही फेल असेल किंवा चालवायची राहिली असेल, तर प्रॉडक्ट मॅनेजर रिलीज थांबवणार.

चौथा रकाना भरता आला नाही तर ती ओळ खोडून टाका. पहिल्या प्रकल्पाला पाच ओळी पुष्कळ झाल्या.

दुसरी पायरी: काय मोजतो आहोत ते एकदा ठरवा

एक टेस्टर ‘तारीख निवडता येत नाही’ हा एक बग धरतो. दुसरा तोच प्रकार तीन स्क्रीनवर दिसला म्हणून तीन बग नोंदवतो. त्यानंतर दोघांच्या बेरजेला अर्थ राहत नाही. म्हणून मोजायला लागण्यापूर्वी अर्धा तास बसून नियम लिहून काढा. मूळ कारण एक असेल तर बग एक. डुप्लिकेट मोजायचा नाही. ‘बगच नाही’ म्हणून बंद झालेला मोजायचा नाही, पण पुसायचाही नाही. असे शेरे वाढत असतील तर मागणीचा, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचे याचा, मजकूरच संदिग्ध असण्याची शक्यता मोठी.

बगच्या फॉर्ममध्ये एवढे रकाने सक्तीचे करा: तारीख, बिल्ड क्रमांक, मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा भाग), गंभीरता, कोणत्या टप्प्यात सापडला, कोणत्या टप्प्यात शिरला, कसा बंद झाला. याहून जास्त सक्ती केली तर लोक काहीतरी भरून मोकळे होतात. ‘कोणत्या टप्प्यात शिरला’ हे टेस्टरने भरायचे नाही. दुरुस्ती करताना डेव्हलपरलाच ते नीट कळते.

गंभीरतेच्या चार पातळ्या पुरतात. पहिली: पैसे किंवा बुकिंग चुकते, माहिती नाहीशी होते, कायद्याची अट मोडते. दुसरी: महत्त्वाचे काम अडते आणि दुसरा मार्ग नाही. तिसरी: काम अडते, पण वळसा घालून जमते. चौथी: दिसण्यापुरते. प्रत्येक पातळीखाली आपल्याच सॉफ्टवेअरमधली दोन उदाहरणे लिहा, नाहीतर वाद संपत नाहीत. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवणे हॉटेलवर बंधनकारक असते. हॉटेलवाले त्याला फॉर्म सी म्हणतात. ती माहिती पाठवणारा भाग गुपचूप बंद पडला तर स्क्रीनवर काहीच बिघडलेले दिसत नाही, तरी तो बग पहिल्या पातळीचा.

गंभीरता आणि प्राधान्य वेगळे ठेवा. पहिल्याच पानावर हॉटेलचे नाव चुकीचे छापले गेले तर गंभीरता चौथी, प्राधान्य पहिले.

तिसरी पायरी: वेळेचा अंदाज बेरजेने काढा

‘टेस्टिंगला किती दिवस लागतील?’ याचे उत्तर अंदाजपंचे देऊ नका. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला मिनिटे लावा.

समजा २४० टेस्ट केस, म्हणजे पायऱ्या आणि अपेक्षित उत्तर लिहिलेल्या तपासण्या, आहेत. लिहायला प्रत्येकी २० मिनिटे, म्हणजे ८० तास. एकदा चालवायला प्रत्येकी १२ मिनिटे, म्हणजे ४८ तास. आतापर्यंतच्या अनुभवावरून ९० बग सापडतील असे धरले, तर नोंदवायला प्रत्येकी २० मिनिटांप्रमाणे ३० तास. दुरुस्त झालेला बग पुन्हा तपासायला १५ मिनिटे लागतात आणि पाचातला एक परत उघडतो. म्हणून ९० ऐवजी १०८ तपासण्या, २७ तास. रिलीजआधी महत्त्वाच्या १२० केस पुन्हा चालवायच्या, २४ तास. एकूण २०९ तास.

आता खरी मेख. आठ तासांच्या दिवसात हाती लागणारे तास पाचच धरा, कारण बैठका, नवीन बिल्डची वाट पाहणे, डेव्हलपरला बग दाखवणे हे सगळे त्याच दिवसात होते. २०९ भागिले ५ म्हणजे ४२ माणूस-दिवस, दोघांत २१ दिवस. टेस्ट सर्व्हर बंद पडणे, वीज किंवा नेट जाणे यासाठी १५ टक्के वाढवा: साधारण २४ कामाचे दिवस. शनिवार-रविवार धरून हे जवळजवळ पाच आठवडे होतात, आणि दिवाळी ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात, ती याच पाच आठवड्यांत पडते. म्हणजे टेस्टिंग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवे, आणि हे चवथीच्या आधीच सांगितलेले बरे.

ज्या भागाबद्दल खात्री नाही, तिथे तीन अंदाज घ्या. पेमेंट जोडणी तपासायला सगळे सुरळीत झाले तर ४ दिवस, बहुधा ७, फारच अडले तर १६. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन सहाने भागा: (४ + २८ + १६) ÷ ६ = ८ दिवस. टोकांमधल्या फरकाचा सहावा भाग म्हणजे २ दिवस, ही अंदाजातली डुगडुग. मॅनेजरला नुसते ‘८’ सांगू नका, ‘६ ते १०’ सांगा.

आणि प्रत्यक्षात लागलेले तास त्याच तक्त्यात शेजारी लिहीत चला. पुढच्या वेळी १२ मिनिटांच्या जागी तुमच्या टीमचा खरा आकडा येईल. बाहेरून उसनी आणलेली सरासरी तुमच्या टीमला क्वचितच लागू पडते.

चौथी पायरी: तास कुठे खर्चायचे

प्रत्येक मॉड्यूलला बिघडण्याची शक्यता १ ते ५ आणि बिघडल्यास नुकसान १ ते ५ असे गुण द्या व गुणाकार करा. पेमेंट ४ × ५ = २०, कर-आकारणी ३ × ५ = १५, रद्द करणे ३ × ४ = १२, महिन्याचा अहवाल २ × २ = ४. हा गुणाकार फक्त क्रम लावण्यापुरता आहे. २० म्हणजे ४ च्या पाचपट धोका, असा अर्थ काढू नका.

शक्यतेचा गुण देताना कोडही बघा. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली गुंतागुंत मोजण्याची पद्धत सोपी आहे: फंक्शनमध्ये (कोडच्या एका तुकड्यात) निर्णयाच्या, म्हणजे ‘असेल तर’सारख्या, जागा किती, अधिक एक. त्यांनी १० ही मर्यादा सुचवली होती. त्याच्या वर गेलेली आणि गेल्या महिन्यात वारंवार बदललेली फंक्शने आधी तपासायला घ्या.

पाचवी पायरी: कव्हरेज, आणि ते कुठे फसवते

कव्हरेज दोन प्रकारचे. मागणीचे कव्हरेज म्हणजे लिहिलेल्या प्रत्येक अटीला निदान एक टेस्ट आहे का. यासाठी अटींना क्रमांक द्या आणि टेस्ट केसमध्ये तो क्रमांक लिहा. दोन तासांचे हे काम सगळ्यात जास्त भोके दाखवते, आणि तेच सगळ्यात जास्त टाळले जाते. कोडचे कव्हरेज म्हणजे टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी किंवा किती फांद्या (‘असेल तर’च्या जागी फुटणाऱ्या वाटा) चालल्या. ते जाव्हासाठी जॅकोको, पायथनसाठी कव्हरेज डॉट पाय अशी टूल्स मोजून देतात.

ओळींपेक्षा फांद्या मोजा. ‘सूट असेल तर रक्कम कमी कर’ एवढाच कोड असेल, तर सूट असलेली एक टेस्ट सगळ्या ओळी चालवते आणि टूल १०० टक्के दाखवते. सूट नसताना काय होते, हे कोणी पाहिलेलेच नसते. फांद्यांच्या हिशेबात तिथे ५० टक्के दिसतील.

पण फांद्याही पुरत नाहीत. कराचेच उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. कोडमध्ये ‘दर ७,५०० पेक्षा जास्त असेल तर १८’ असे हवे होते, आणि लिहिणाऱ्याने ‘७,५०० किंवा जास्त असेल तर’ असे लिहिले. तुमच्या दोन टेस्ट: ५,००० ची खोली आणि ९,००० ची खोली. दोन्ही पास. ओळी १०० टक्के, फांद्या १०० टक्के. आणि नेमक्या ७,५०० च्या खोलीवर ३७५ ऐवजी १,३५० रुपये कर लागतो. सीमेच्या आत राहायचे म्हणून हॉटेलवाले दर ७,५०० च ठेवण्याची शक्यता भरपूर, तेव्हा हा कोपऱ्यातला बग म्हणून सोडता येणार नाही.

म्हणून सीमेवर नेहमी तीन टेस्ट: ७,४९९, ७,५००, ७,५०१. शिवाय सूट वजा केल्यानंतरच्या रकमेवर चौथी: दर ८,०००, सूट १० टक्के, पाहुण्याने दिले ७,२००. इथे कर ५ टक्क्यांनी लागला पाहिजे, आणि सूट वजा करण्याआधी टप्पा ठरवणारा कोड इथे पकडला जातो.

आपल्या टेस्ट असे बग पकडतात का, हे मोजायचीही सोय आहे. म्युटेशन टेस्टिंगमध्ये टूल तुमच्या कोडमध्ये मुद्दाम छोटे बिघाड करते, जसे ‘पेक्षा जास्त’चे ‘इतके किंवा जास्त’, आणि तुमच्या टेस्ट चालवते. एक तरी टेस्ट फेल झाली तर बिघाड पकडला. सगळ्या पास झाल्या तर तो निसटला. वरच्या दोन टेस्टमधून हा बिघाड निसटतो. ७,५०० ची टेस्ट घातली की लगेच सापडतो. जाव्हासाठी पिट, जाव्हास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर ही टूल्स आहेत. प्रत्येक बिघाडाला टेस्ट पुन्हा चालतात, त्यामुळे वेळ फार जातो. सगळ्या कोडवर लावू नका. पेमेंट, कर आणि रद्द करणे एवढ्यावर लावा. १०० टक्क्यांच्या मागेही लागू नका. काही बिघाडांनी कोडचे वागणे बदलतच नाही, त्यांना पकडणार कोण?

‘कव्हरेज ८० टक्के हवेच’ असा फतवा निघाला की काय होते, तेही जाणून ठेवा. लोक कोड नुसता चालवणाऱ्या आणि उत्तर न तपासणाऱ्या टेस्ट लिहितात. आकडा ८० होतो, बग तिथेच. कव्हरेजचा खरा उपयोग न चाललेल्या ओळींची यादी बघण्यात आहे, टक्केवारी मिरवण्यात नाही.

माहितीच्या नमुन्यांचेही कव्हरेज असते आणि ते कोणतेही टूल मोजत नाही. गोव्यात रोमन लिपीत डिसोझा हे आडनाव लिहिताना मध्ये बऱ्याचदा अपॉस्ट्रॉफी येते. नाव घेणारा कोड कच्चा असेल तर त्या एका चिन्हाने बुकिंगच कोसळते. देवनागरीतले नाव, एका शब्दाचे नाव, लांबलचक पोर्तुगीज वळणाचे नाव, पणजीची दोन रोमन स्पेलिंगे, आणि पैसे कापल्यानंतर पण पावती येण्याआधी गेलेले नेट: अशी यादी हाताने करा आणि प्रत्येक मॉड्यूलसमोर खूण करत चला.

सहावी पायरी: दर आठवड्याला काय बघायचे

नवे बग, बंद झालेले बग, उघडे असलेले बग, आणि टेस्टिंगचे तास. चौथा आकडा बहुतेक जण विसरतात. समजा पाच आठवड्यांत नवे बग १४, २२, १९, ११, ६ आणि बंद झालेले ५, १५, २०, १७, १०. उघडे राहिले ९, १६, १५, ९, ५. आलेख खाली उतरतो आहे, सगळे खूश. पण तिसऱ्या आठवड्यात टेस्टिंग ५० तास झाले होते आणि चौथ्यात दिवाळीमुळे २५ तास. दहा तासांमागे तिसऱ्यात ३.८ बग, चौथ्यात ४.४. म्हणजे बग कमी झाले नव्हते, शोधणारे सुटीवर होते. पाचव्या आठवड्यात ४८ तासांत ६ बग सापडले, दहा तासांमागे १.२५. उतार खरा इथे सुरू झाला.

बग दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात, याची सरासरी काढू नका, आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. आठ बगना १, १, २, २, ३, ३, ४ आणि ४० दिवस लागले तर सरासरी ७ येते, आणि सात दिवस तर एकालाही लागले नव्हते. मधला आकडा अडीच. ४० दिवस घेतलेल्या बगची मात्र वेगळी चौकशी करा. स्क्रीन उघडायच्या वेळेबाबतही तेच: सरासरी सोडा, शंभरातल्या ९५ जणांना किती सेकंदांच्या आत उत्तर मिळाले ते बघा.

परत उघडलेल्या बगांचे प्रमाण पाचात एकाहून वर गेले तर थांबून कारण शोधा. बहुतेक वेळा बगच्या नोंदीत पायऱ्या अपुऱ्या असतात, किंवा दुरुस्ती एका बिल्डमध्ये आणि तपासणी दुसऱ्याच बिल्डवर झालेली असते.

ऑटोमेटेड टेस्ट असतील तर विनाकारण फेल होणाऱ्यांचा हिशेब ठेवा. ३०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक २०० वेळांत एकदाच उगाच फेल होते, असे धरा. ऐकायला किरकोळ वाटते. पण सगळ्या एकदम पास होण्याची शक्यता उरते सुमारे २२ टक्के. चारपैकी तीन वेळा तरी लाल दिवा लागतो, आणि दोन आठवड्यांत लोक तो बघायचे सोडून देतात. खरा बग मग त्याच लाल दिव्याआड जातो. अशी टेस्ट सापडली की त्याच दिवशी बाजूला काढा, नाव आणि तारीख लिहा, आठवड्यात दुरुस्त करा किंवा काढून टाका.

या कोणत्याही आकड्यापुढे माणसाचे नाव लावू नका. कोणत्या टेस्टरने किती बग काढले याची यादी भिंतीवर लागली की चौथ्या पातळीचे बग धो धो येतात आणि अवघड जागी दोन दिवस खपून एकच मोठा बग काढणारा मागे पडतो. डेव्हलपरच्या नावापुढे बग लागले की ‘हा बगच नाही’चे वाद सुरू होतात.

सातवी पायरी: अजून किती उरले असतील?

हा प्रश्न मॅनेजर विचारतोच. तळ्यातले मासे मोजायची जुनी पद्धत इथे कामी येते: खूण करून सोडलेले मासे दुसऱ्या जाळ्यात किती परत येतात, त्यावरून एकूण मासे ताडायचे. दोन टेस्टरना तेच मॉड्यूल, तेच दोन दिवस, एकमेकांशी न बोलता तपासायला द्या. पहिल्याला २४ बग मिळाले, दुसऱ्याला २०, दोघांना सामाईक १५. अंदाजे एकूण = २४ × २० ÷ १५ = ३२. वेगवेगळे सापडले २९. म्हणजे तीनेक उरले असावेत. सामाईक फक्त ४ असते तर अंदाज १२० पर्यंत गेला असता आणि सापडलेले ४० च. ते मॉड्यूल रिलीजच्या लायकीचे नाही, एवढे कळायला हा ढोबळ आकडा पुरतो.

मर्यादा लक्षात ठेवा. सोपे बग दोघांनाही सापडतात, त्यामुळे अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. सामाईक बग अगदी थोडे असतील तर आकडा एका बगने इकडेतिकडे झाला तरी उडी मारतो. दोघे एकाच टेस्ट केसची यादी घेऊन बसले तर सगळा खटाटोप वाया.

आठवी पायरी: रिलीजची अट आधी लिहून ठेवा

पहिल्या पातळीचा उघडा बग शून्य. दुसऱ्या पातळीचे जास्तीत जास्त दोन, आणि तेही हॉटेलवाल्याला लेखी कळवलेले. पेमेंट व कराच्या सगळ्या टेस्ट शेवटच्या बिल्डवर पास. आदल्या बिल्डवरच्या चालणार नाहीत. ही अट ऑक्टोबरात लिहा आणि सगळ्यांच्या संमतीने. १९ नोव्हेंबरला लिहायला बसलात तर जे तयार आहे त्याच मापाची अट शिवली जाते.

नववी पायरी: रिलीजनंतरचे ९० दिवस

टेस्टिंगमध्ये ९२ बग सापडले आणि रिलीजनंतरच्या ९० दिवसांत हॉटेलवाल्यांनी ८ कळवले, तर आपण १०० पैकी ९२ आधीच पकडले, म्हणजे ९२ टक्के. टेस्टिंग कसे झाले याचे इतके सरळ माप दुसरे नाही. पहिल्या दोन पातळ्यांसाठी ते वेगळे काढा, कारण किरकोळ बगांच्या ढिगाने टक्केवारी फुगते.

गोव्यात मात्र यात एक खड्डा आहे. जूनमध्ये रिलीज केले तर पहिले ९० दिवस पावसाळ्याचे. गेस्टहाउसे अर्धी रिकामी, सॉफ्टवेअर वापरतो कोण? समजा त्या काळात ४०० बुकिंगे झाली आणि ३ बग आले. नोव्हेंबरच्या रिलीजनंतर ३,००० बुकिंगे झाली आणि ९ बग आले. नुसती संख्या पाहिली तर दुसरे रिलीज तिप्पट वाईट. हजार बुकिंगांमागे मोजले तर पहिले ७.५, दुसरे ३. म्हणून बाहेरचे बग नेहमी वापराने भागा. दर हजार ओळींमागे बग हे मापही अनेक ठिकाणी दिसेल. एकाच प्रकल्पातली मॉड्यूल्स ताडून पाहायला ते ठीक आहे, पण दोन वेगळ्या भाषांत लिहिलेल्या प्रकल्पांची तुलना त्याने करू नका. कोड आटोपशीर केला तर ओळी घटतात आणि आकडा उगाच वाढतो.

फेब्रुवारीच्या शेवटी, ९२ टक्क्यांच्या हिशेबात हॉटेलवाल्यांनी कळवलेले ते ८ बग घेऊन बसा. प्रत्येकासमोर लिहा: कोणत्या टप्प्यात शिरला, कोणत्या टेस्टने पकडायला हवा होता, आणि ती टेस्ट का नव्हती. अटच लिहिलेली नव्हती, नमुन्यांच्या यादीत तो प्रकार नव्हता, की टेस्ट होती पण शेवटच्या बिल्डवर चालवली नव्हती? मग चार रकान्यांचा कागद काढा. ज्या ओळीतला आकडा बघून पाच महिन्यांत कोणी काहीच केले नाही ती खोडा, आणि त्या जागी या ८ बगांतून निघालेला प्रश्न लिहा.